उपाशी ठेवणं हीही मायाच

मैत्रिणींनो, आपण बायका घरात सगळ्यांना पोटभर घालायला शिकलेल्या. कुणाला उपाशी ठेवायचं म्हटलं की आपला जीव खालीवर होतो. पण एक वेळ अशी येते, की दारच्या मुक्या जनावराला उपाशी ठेवणं हीच खरी माया असते. ती वेळ म्हणजे त्याच्या ऑपरेशनची आदली रात्र. आज त्याविषयीच लिहिणार आहे. पण आधी माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय उपदेश करायचा मला हक्क नाही.

आमच्याकडे चंपी नावाची कुत्री आहे. गावठीच, पण घरच्यासारखी. दुसऱ्यांदा पिल्लं झाल्यावर तिचं संतती-बंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "रात्री आठनंतर खायला काही द्यायचं नाही. सकाळी उपाशीपोटी आणा." मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी नुसतं "हूं" केलं.

सकाळी निघायच्या गडबडीत मागच्या दारी गेले, तर चंपीची थाळी ओली. कडेला भाकरीचा चुरा. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मुकं जनावर हाय ते. उपाशीपोटी घराबाहीर काढू का तिले? अर्धीच भाकर देल्ली, दुधात कुस्करून."

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. पण शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा कशीबशी मिळाली होती, रिक्षा दारात उभी होती, यांनी कामावरून वेळ काढला होता. मनात म्हटलं, अर्ध्या भाकरीनं काय होतंय? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?" आणि मी मान हलवली.

इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात चंपीची मान कलली आणि ती ओकली. डॉक्टरांनी झटकन तिचं डोकं टेबलाच्या खाली लोंबतं केलं, जीभ बाहेर ओढली, कापसाच्या बोळ्यानं घशातून भाकरीचे तुकडे काढले. दोन मिनिटांचं काम. पण ती दोन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. ऑपरेशन त्या दिवशी झालंच नाही. पुढचे पाच दिवस ती खोकते का, अंग तापतंय का, हे पाहत मी तिच्याजवळ बसून होते. देवाची कृपा, निभावलं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "ताई, भाकरी दिली हे सांगितलं असतंत तर आपण उद्यावर ढकललं असतं. काही बिघडत नव्हतं." सासूबाईंचा गुन्हा अज्ञानाचा. माझा मात्र माहीत असून गप्प राहण्याचा.

पोटात अन्न असलं तर होतं काय?

जागेपणी आपल्याला ठसका लागतो, उलटी आली तर आपण मान वळवतो. घशाशी जणू एक पहारेकरी बसलेला असतो. अन्न अन्ननलिकेत जाऊ द्यायचं आणि श्वासाच्या नळीत जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. भुलीच्या औषधानं हा पहारेकरीही झोपतो. मग पोटातलं वर आलं की ते थेट फुप्फुसात उतरू शकतं. त्यानं जनावर जागच्या जागी गुदमरतं, नाहीतर मागाहून न्यूमोनिया होतो. माणसाच्या ऑपरेशनला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात त्याचं कारण हेच.

इथं तीन शब्दांतला फरक ध्यानात ठेवावा. गुंगी म्हणजे जनावर शांत होतं, पेंगतं, पण जागं असतं. बधिरता म्हणजे तेवढीच जागा मुकी करणं. दाढ काढताना हिरडीत किंवा बाळंतपणाच्या ऑपरेशनला कमरेत सुई देतात तसं. आणि भूल म्हणजे संपूर्ण बेशुद्धी. कुत्र्या-मांजरांना बहुधा भूल देतात. गाई-म्हशींची पोटाची बरीच ऑपरेशनं मात्र उभ्या उभ्याच, कूस बधिर करून होतात. यातलं काय करणार, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. तयारी त्यावर ठरते.

भूल हा शोध तसा फार जुना नाही. अमेरिकेत बोस्टनला १८४६ साली ईथर हुंगवून ऑपरेशन झालं, १८४७ साली क्लोरोफॉर्म आलं. आणि आपल्या शेजारचीच गोष्ट सांगायची तर हैदराबादला निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो नेमका कशानं, हे शोधायला तिथं शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. ज्या भुलीच्या आधारानं आपण निर्धास्त ऑपरेशन करून घेतो, तिच्यामागे मुक्या जनावरांचं हे देणं आहे. त्याच काळात हैदराबादला रूपाबाई फर्दुनजी नावाच्या डॉक्टरीणबाई भूल देण्याचं काम शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. आपल्याकडच्या एका बाईनं हे काम त्या काळी केलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

कुणाला किती उपास?

सगळ्यांना एकच माप लावू नये. खाली देते ते अंदाज आहेत. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

कुत्रा आणि मांजर : मोठं, निरोगी जनावर असेल तर साधारण सहा ते बारा तास खाणं बंद. म्हणजे सकाळचं ऑपरेशन असेल तर रात्री आठच्या सुमारास हलकं जेवण. पाणी मात्र रात्रभर ठेवलं तरी चालतं. सकाळी केव्हा उचलायचं ते डॉक्टर सांगतात. अगदी लहान पिल्लांना एवढा उपास सोसत नाही, त्यांच्या रक्तातली साखर उतरते. त्यांचे तास वेगळे. मांजराच्या बाबतीत आणखी एक. त्याची थाळी उचलली म्हणजे ते उपाशी राहिलं असं नव्हे. रात्री बाहेर जाऊन उंदीर मारून येईल. म्हणून संध्याकाळीच त्याला एका खोलीत कोंडून ठेवावं आणि सकाळी झाकणाच्या टोपलीतून न्यावं.

शेळी-मेंढी : चारा बारा ते चोवीस तास बंद, पाणी आठ-बारा तास.

गाय, म्हैस, बैल : चारा चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त, पाणी बारा तासांपासून पुढे. हे ऐकून कुणालाही वाटेल, किती हा छळ! पण गाईचं पोट म्हणजे काही आपलं पोट नव्हे. मोठ्या गाईच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरच्या वर माल मावतो. पाण्याचे सहा-सात हंडे म्हणा ना! तिथं चारा सारखा आंबत असतो आणि वायू होत असतो. जागी असताना गाय ढेकर देऊन तो बाहेर टाकते. आडवी पाडून भूल दिली की ढेकर बंद. पोट ढोलासारखं फुगतं आणि छाती दाबून धरतं. उपासानं हे पोट रिकामं होत नाही, पण आंबणं कमी होतं. शिवाय गाईला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते. ती गिळता आली नाही तर घशात साठते, म्हणून भूल दिलेल्या गाईचं तोंड उताराकडे ठेवतात. दूध पिणाऱ्या वासराला मात्र इतके तास उपाशी ठेवायचं नाही.

ससा : याला उपास अजिबात नाही. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं आतडं थांबलं तर तोच मोठा धोका. मुलांनी ससे पाळले असतील तर हे लक्षात असू द्या.

वजन : अंदाजपंचे नको

औषधाचं माप वजनावर असतं. गाईगुरांना गुंगीसाठी देतात त्यातलं एक औषध असं आहे, की गाईला ते घोड्याच्या साधारण एक दशांशच पुरतं. तेव्हा "असंल दोन-तीनशे किलो" असं म्हणून भागत नाही.

कुत्रं किंवा शेळी उचलून वजनकाट्यावर उभं राहावं, मग आपलं एकटीचं वजन वजा करावं. गाईसाठी शिवणाच्या टेपचा उपयोग होतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा. आपली टेप साठ इंचांचीच असते, ती पुरत नाही. म्हणून सुतळीनं माप घेऊन मग टेपवर मोजावं. नंतर खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. घेर ६४ इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर ६४ × ६४ × ५४ म्हणजे २,२१,१८४. त्याला ६६० नं भागलं की ३३५ किलो. काट्याइतकं नेमकं नसलं तरी डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. हे गणित मी आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना घातलं. त्या दिवशी एकानंही जांभई दिली नाही!

डॉक्टरांना काय काय सांगावं?

एका कागदावर लिहूनच न्यावं, ऐनवेळी आठवत नाही.

१. शेवटचं खाणं आणि पाणी केव्हा. अगदी खरं.
२. वय. मादी असेल तर गाभण आहे का, माजावर केव्हा आली होती, पिल्लं अंगावर पितात का.
३. खोकला, धाप, हगवण, पूर्वीचं आजारपण. आधी कधी भूल दिली असेल तर तेव्हा काही त्रास झाला का.
४. घरी दिलेलं कुठलंही औषध, अगदी झाडपाल्याचंसुद्धा.
५. गोचीड-पिसवांसाठी काही लावलं असेल तर ते. आपल्या कपाशीच्या भागात फवाऱ्याचं औषधच जनावराच्या अंगाला चोळणारे लोक आहेत. ते मुळात करूच नये. केलं असेल तर लपवू नये. भुलीच्या काही औषधांशी त्याचं जमत नाही.

गोचिडांनी जनावराचं रक्त कमी झालेलं असतं. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर आधी रक्त तपासून घ्या म्हणावं. थोडे पैसे जातात, पण जीव राहतो.

आदल्या दिवशी कुत्र्याला अंघोळ घालून कोरडं करावं. त्याच दिवशी घालू नये. गळ्यातली घंटा, घुंगरं काढावीत. निघण्यापूर्वी फिरवून आणावं म्हणजे पोट मोकळं होतं. आणि आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. भुलीत जनावराला स्वतःच्या अंगाची ऊब-थंडी सांभाळता येत नाही. तातडीचं नसेल तर ऑपरेशन त्या दिवसांत नको; असेल तर पहाटेच न्यावं.

तातडीचं असेल, म्हणजे शेळी अडलेली आहे किंवा अपघात झालाय, तर उपासाची वाट पाहत बसू नये. तेव्हा डॉक्टर दुसऱ्या रीतीनं सांभाळून घेतात. फक्त "तासापूर्वीच खाल्लंय" हे सांगावं. दवाखाना दूर असेल तर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

शुद्धीवर येताना

पुष्कळ जणींना वाटतं, ऑपरेशन झालं की संपलं. खरी राखण तिथून पुढं असते.

कुत्र्या-मांजराचे डोळे भुलीतही उघडे राहतात, त्याला घाबरू नये. डॉक्टर डोळ्यांत मलम घालतात, कारण पापणी मिटत नाही. हिवाळ्यात गोधडीत गुंडाळावं. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर जाड फडक्यात गुंडाळून. बेशुद्ध जनावराला चटका कळत नाही. विहीर, जिना, रस्ता, दुसरी कुत्री यांपासून लांब ठेवावं. नीट चालू लागेपर्यंत तोंडात दूध-पाणी ओतू नये. "घसा कोरडा पडला असेल" म्हणून चमच्यानं पाजणं म्हणजे भाकरीचीच चूक पुन्हा करणं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडं पाणी, ते पचलं तर थोडा मऊ भात.

गाय आडवी असेल तर तिला कुशीवर पडू देऊ नये. छातीवर बसती करून दोन्ही बाजूंनी कुटाराची पोती लावावीत. डावी कूस फुगते का ते पाहावं. उठल्यावर आधी बेताचं पाणी, मग थोडा हिरवा चारा. ढेपेची घाई करू नये. औषध दिल्यावर किती दिवस दूध घरात वापरायचं नाही, हे विचारून तेवढे दिवस ते वापरू नये, विकू तर नयेच.

हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्या, श्वास ओढून घेऊ लागलं, टाक्यांतून रक्त थांबेना, पुढच्या चार दिवसांत खोकला-ताप आला, तर लगेच डॉक्टर गाठावेत. आणि एक कळकळीची सूचना : दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि मग गुरुवार आला

यंदा आमच्या शेजारच्या काकूंची गाय खाईना. रवंथ बंद, दूध आटलेलं, डावी कूस कायम फुगलेली. डॉक्टर म्हणाले, पोटात प्लॅस्टिक असणार, उघडावं लागेल. ऑपरेशन अंगणातच, निंबाखाली करायचं ठरलं. चारा चोवीस तास बंद.

काकूंचा चेहरा पडला. दुभती गाय, तिच्यावर दोन मुलींचं शिक्षण चाललेलं. त्यात ऑपरेशनचा दिवस नेमका गुरुवार. आमचं कामरगाव कारंज्याच्या तालुक्यातलं, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावाच्या शेजारचं. गुरुवारी कितीतरी घरांतून नैवेद्याचं पान गाईसाठी निघतं. म्हणजे उपास फक्त काकूंनी पाळून भागणार नव्हता, सगळ्या आळीनं पाळायला हवा होता.

आणि हे काम कुणी अंगावर घ्यावं? आमच्या सासूबाईंनी! बुधवारी दुपारी त्या घरोघर जाऊन सांगून आल्या, "उद्या गायीले काई घालजा नोका. तिचं आपरेशन हाय." संध्याकाळी गाय गव्हाणीपासून दूर बांधायला लावली, कुठं पडलेलं कुटार चघळू नये म्हणून खालची जागा झाडून घेतली, तिच्या तोंडाला मुसकं घालायला लावलं. रात्री गाय हंबरू लागली. मी खिडकीतून पाहिलं, तर सासूबाई बाजेवरून उठून तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या. "आजची रात्र सोस माय," म्हणत होत्या. त्यांच्या पदराला भाकरीचा वास असणार, गाय पदर हुंगत होती. पण त्यांनी काही दिलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून उपाशी?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कालच्या सकाळपासून. माह्या डोळ्यांनं पाह्यलं." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी म्याच चुकली व्हती." मला काय बोलावं सुचेना. मागच्या वेळी खोटं बोलले होते ती मी. तेव्हाच मी त्यांना सांगितलं, की थाळी पाहूनही मी मान हलवली होती. वर्षभर त्यांना वाटत होतं, डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं होतं. त्या घटकाभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी उकयलं का पाय."

गाय उभ्यानंच राहिली. कण्याशेजारी सुया देऊन डावी कूस बधिर केली. आतून निघालं ते एका घमेल्यात मावेना. पिशव्यांचे पिळे, सुतळी, दुधाच्या पिशवीचे तुकडे, एक खिळा. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली. पण त्या घमेल्यातल्या पिशव्या कुठल्या तरी घरातूनच, भाजीच्या सालींसकट उकिरड्यावर गेल्या होत्या. कदाचित माझ्याच. त्या दिवसापासून आमच्या आळीत साली पिशवीत बांधून कुणी टाकत नाही. ज्या टाकतात त्यांना सासूबाई सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाईनं पहिली रवंथ केली. काकू ओट्यावर बसून नुसत्या तिच्या जबड्याकडे बघत होत्या. औषधांमुळं डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध वापरलं नाही. मग पहिल्या धारेचा गडू आमच्याकडे आला. सासूबाईंनी त्यातलं थोडं चंपीच्या थाळीत ओतलं.

चंपीचं राहिलेलं ऑपरेशन आता दिवाळीनंतर आहे. आदल्या रात्री थाळी मी उचलून ठेवणार आहे. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर जे असेल ते सांगणार आहे. उशीर झाला तर होवो, रजा गेली तर जावो. तुमच्याही घरी असा प्रसंग आला तर एवढं करा : थाळी उचला, शेजारणींना सांगा, आणि चुकून कुणी घास घातलाच, तर लाजू नका. दिवस पुढं ढकलता येतो, मैत्रिणींनो.